निरोगी दिवसांची नोंद

लालबागच्या पतपेढीत, दादरच्या सीएच्या ऑफिसात, परळच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि गिरगावातल्या छापखान्यात एक तक्रार अगदी सारख्या शब्दांत ऐकू येते : सर्व्हर स्लो झालाय. त्यावर विचारायचा पहिला प्रश्नही सगळीकडे एकच. कशाच्या मानाने स्लो? उत्तर बहुधा असं मिळतं : ‘परवापर्यंत बरा चालायचा.’ बरा म्हणजे किती, खातं उघडायला तेव्हा किती सेकंद लागायचे, डिस्क एका विनंतीला किती वेळ घ्यायची, हे कुठेही लिहिलेलं नसतं. मग अंदाजाने इलाज सुरू होतात. मेमरी वाढवली जाते, डिस्क बदलली जाते, शेवटी नव्या सर्व्हरचं कोटेशन येतं आणि संचालक मंडळाच्या सभेत मंजूरही होतं. सभासदांच्या ठेवींवर चालणाऱ्या संस्थेचा पैसा न मोजलेल्या गोष्टीवर खर्च होतो, आणि दुखणं कुठे होतं हे शेवटपर्यंत कळत नाही.

हे पुस्तक त्या न लिहिलेल्या आकड्यांविषयी आहे. संगणक व्यवस्थित चालत असताना, कोणाचीही तक्रार नसताना, त्याच्या डिस्कचं काम मोजायचं, तारीख-वेळ घालून नोंदवायचं आणि जपून ठेवायचं. हीच बेसलाइन. पुढे बिघाडाचा दिवस आला की तुलना करायला ती हाताशी असते. कल्पना एवढीच, आणि तरीही ती क्वचितच अमलात येते, कारण जे नीट चाललंय त्याकडे बघायला कोणाला सवड नसते. ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटर’ असं छापलेलं नाही, पण सर्व्हरच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांना समोर ठेवून मी हे लिहिलं आहे : पतपेढीतली संगणकावर हात बसलेली लिपिक, लॅबचा तंत्रज्ञ, दादरहून चर्नी रोडला आणि तिथून करी रोडला लोकलने फिरत एका दिवसात चार ऑफिसं सांभाळणारा एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, मुलगा.

डिस्कवरच भर का, हे आधी सांगायला हवं. मेमरीतून माहितीचा एक तुकडा उचलायला सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणारी नेहमीची हार्ड डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, ते ४.१७ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायला आणखी आठ-नऊ. सगळं मिळून बारा-तेरा मिलिसेकंद, मेमरीच्या लाखपटीहून जास्त. अशा विखुरलेल्या विनंत्या ती डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपास पुऱ्या करू शकते. प्रत्येक विनंती ४ केबीची असेल, तर सेकंदाला अवघे ३२० केबी हाती लागतात. त्याच डिस्कवरून एखादी मोठी फाइल सलग वाचा, सेकंदाला दीडशे एमबी सहज येतील. यंत्र एकच, आणि दोन कामांतला फरक जवळजवळ पाचशेपट. म्हणून खोक्यावर छापलेला वेग खोटा नसला तरी तुमच्या कामाचा नसतो. तो सलग वाचनाचा वेग आहे. पतपेढीचा सर्व्हर सलग काहीच वाचत नाही. तो या खातेदाराचं एक पान आणि त्या कर्जदाराचं एक पान असं दिवसभर विखुरलेलं वाचत-लिहीत असतो.

एसएसडी आल्यावर हा प्रश्न मिटला, असं लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या दुकानांत, कोणीही सांगेल. बऱ्याच अंशी ते खरंच आहे. फिरणारा भाग नसल्याने वेळ मिलिसेकंदाच्या आत येतो आणि विनंत्यांची संख्या हजारोंत जाते. पण स्वस्त एसएसडीत एक छोटा जलद कप्पा असतो. मोठं लिखाण सुरू झालं की तो भरतो, आणि मग वेग इतका कोसळतो की काही मॉडेल फिरणाऱ्या डिस्कच्याही मागे पडतात. हार्ड डिस्कमध्येही कौलांसारखे एकावर एक पट्टे रचून लिहिणारा एसएमआर हा प्रकार आहे. तो थोडं लिखाण चटकन घेतो आणि सतत लिहायला लागलं की धापा टाकतो. हे गुण पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. म्हणून नवी डिस्क विकत आणली की त्यावर माहिती चढवण्याआधी ती एकदा काठोकाठ भरून मोजावी, असा माझा आग्रह आहे. त्या डिस्कच्या आयुष्यात एवढी मोकळीक पुन्हा मिळत नाही.

मोजायचं काय? आकडे थोडे आहेत. सेकंदाला वाचनं किती आणि लेखनं किती, प्रत्येकाला लागलेला वेळ, रांगेत ताटकळणाऱ्या विनंत्या आणि एका विनंतीचा आकार. यांतले तीन आकडे एकमेकांशी एका नियमाने बांधलेले आहेत. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची गणिती सिद्धता दिली, म्हणून तो लिटलचा नियम. सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ बरोबर कोणत्याही क्षणी आत असलेल्या विनंत्यांची सरासरी. सेकंदाला २०० विनंत्या आणि प्रत्येकीला २० मिलिसेकंद, तर आत सरासरी ४. या साध्या गुणाकाराचा मला नेहमी उपयोग झाला आहे. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तर डिस्कआधी मोजमाप तपासावं लागतं.

मग येतो तो मुख्य प्रश्न. कोणता आकडा चांगला? दहा मिलिसेकंदांच्या आत उत्तम, वीसच्या वर संशय, पन्नासच्या वर दुखणं, असा एक ठोकताळा सगळीकडे फिरतो. डेटाबेसच्या सर्व्हरसाठी तो वाईट नाही. पण छापखान्याच्या डिस्कवर एकेक विनंती १ एमबीची असते. तिला २५ मिलिसेकंद लागले तर त्यात बिघाड कसला? उलट पतपेढीच्या एसएसडीला रोज अर्धा मिलिसेकंद लागत असेल आणि आज सहा लागत असतील, तर ठोकताळ्याच्या हिशेबाने सगळं उत्तम आहे, आणि प्रत्यक्षात काम बारापट मंदावलं आहे. दुसऱ्याच्या यंत्राची पट्टी आपल्या यंत्राला लावता येत नाही. आपली पट्टी आपणच, आणि वेळेवर, तयार करावी लागते.

वेळेवर म्हणजे काय, याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण याच मुंबई बेटावरचं आहे. त्याचा संगणकाशी काडीचा संबंध नाही. तरी ते इथे सविस्तर सांगतो, कारण बेसलाइन घेणाऱ्याला लागणारी जवळजवळ सगळी शिस्त त्यात आहे.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली आणि १८४१पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षं ही मोजणी डोळ्यांनी चाले. निरीक्षक ठरलेल्या वेळी सुईची स्थिती वाचत आणि वहीत लिहीत. बहुतेक दिवशी त्यात नवल काही नसे. त्याच त्या रोजच्या चढउतारांनी वह्यांमागून वह्या भरत गेल्या. पुढे सप्टेंबर १८५९च्या सुरुवातीला इतिहासातलं सर्वांत मोठं मानलं जाणारं सौर वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेतल्या अनेक ठिकाणी उपकरणांच्या काट्यांनी मोजपट्टीची हद्द ओलांडली. कुलाब्यात मात्र निरीक्षक वाचन घेत राहिले, आणि सुई अस्वस्थ झाल्यावर एरवीपेक्षा कितीतरी जवळजवळच्या अंतराने घेत राहिले. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले शास्त्रज्ञ गुरबक्ष लखिना आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी त्या नोंदींवरून वादळाची तीव्रता काढली. चुंबकीय क्षेत्रातली घसरण सुमारे १६०० नॅनोटेस्ला निघाली. हा आकडा निघू शकला तो वादळाच्या वेळच्या नोंदींमुळे, आणि तितकाच आदल्या शांत दिवसांच्या नोंदींमुळे. घसरण मोजायची तर कशापासून घसरलं ते ठाऊक असावं लागतं.

याच गोष्टीचा एक पुढचा धागा आहे. कुलाब्याच्या त्याच नोंदींची इतर संशोधकांनी तासाची सरासरी काढली, तेव्हा ती १६०० ची घसरण हजाराच्या आत आली. दोन्ही आकडे खरे. एक टोकाच्या क्षणाचा, दुसरा तासाचा. डिस्क मोजताना नेमकं हेच होतं. शंभर विनंत्यांपैकी नव्याण्णवांना २ मिलिसेकंद लागले आणि एकीला ८००, तर सरासरी १० येते. कागदावर डिस्क ठणठणीत, आणि काउंटरवर उभा असलेला सभासद मात्र पडद्याकडे बघत थांबलेला. म्हणून या पुस्तकात सरासरीच्या जोडीने सर्वांत मोठा आकडा आणि ज्याच्या आत शंभरातल्या पंचाण्णव नोंदी बसतात तो आकडा, हे दोन्ही प्रत्येक तक्त्यात मागितले आहेत. नोंद किती सेकंदांनी घेतली हेही तक्त्याच्या डोक्यावर लिहायला सांगितलं आहे. पंधरा सेकंदांच्या नोंदींची दहा मिनिटांच्या नोंदींशी तुलना करून कोणी निष्कर्ष काढला, तर तो टिकणार नाही.

वेधशाळेच्या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग यानंतरचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह जमिनीतून परततो आणि जवळपासच्या नाजूक चुंबकीय उपकरणांना बिघडवतो. तेव्हा कुलाब्याचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. हे पद मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम खाडीपलीकडे अलिबागला नेलं. १९०४ साली अलिबागची वेधशाळा सुरू झाली, आणि ती सुरू झाली म्हणून कुलाब्याची बंद केली नाही. १९०६पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. एकाच दिवशी, एकाच तासाला कुलाबा काय दाखवतं आणि अलिबाग काय दाखवतं, यांतला कायमचा फरक त्यामुळे कळला आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता आली. विजेची ट्राम मे १९०७मध्ये धावू लागली, तोवर हे काम उरकलेलं होतं. ट्राम १९६४ साली बंद झाली, नोंदींची मालिका आजही चालू आहे. गडबड सुरू होण्याआधी मोजून घ्यायचं, आणि जागा बदलताना जुनं-नवं काही काळ शेजारी शेजारी चालवायचं. सर्व्हर बदलताना या दोनपैकी एकही गोष्ट सहसा होत नाही. शनिवारी रात्री जुना उचलतात, रविवारी नवा बसवतात आणि सोमवारी सकाळी जो वेग दिसेल तो नशीब म्हणून स्वीकारतात. सहाव्या प्रकरणात मी मूस यांचाच मार्ग सुचवला आहे : जुन्या यंत्राची अखेरच्या आठवड्याची नोंद घ्या, नव्यावर तेच काम तेवढ्याच माहितीनिशी चालवून बघा, आणि नव्याची खात्री पटेपर्यंत जुनं फॉरमॅट करू नका.

भूचुंबकत्वात आणखी एक रीत आहे, जी मी तशीच उचलली आहे. दर महिन्यातले सर्वांत शांत पाच दिवस आणि सर्वांत अस्वस्थ पाच दिवस आंतरराष्ट्रीय पातळीवर निवडले जातात. शांत दिवसांच्या नोंदींतून रोजचा स्वाभाविक चढउतार कळतो आणि अस्वस्थ दिवसांतून टोकं कळतात. डिस्कलाही दोन्ही हवं. नुसता एक सरासरी आकडा ही बेसलाइन नव्हे. सोमवारी सकाळी अकराला किती आणि गुरुवारी दुपारी चारला किती, हे तासागणिक माहीत असावं लागतं.

इथे आपल्या भागाचं कॅलेंडर कामाला येतं, आणि परदेशी पुस्तकं याबाबतीत काहीच मदत करत नाहीत. दादरच्या सीएच्या ऑफिसात महिन्याच्या ११ तारखेआधी जीएसटीआर-१ आणि २० तारखेआधी जीएसटीआर-३बी यांची घाई असते. त्यात जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राप्तिकराची आणि ऑडिटची भर पडते. मुदतवाढ मिळाली की सगळी धावपळ पुढे सरकते, तेव्हा तारखेबरोबर मुदतवाढीचीही नोंद हवी. एका संगणकावर टॅलीचा डेटा आणि बाकीचे आठ-दहा जण नेटवर्कवरून त्यात शिरलेले, ही तिथली नेहमीची मांडणी. २० तारखेच्या संध्याकाळचा आकडा ५ तारखेच्या आकड्याशी ताडून डिस्क बिघडली असं म्हणणं हा अन्याय आहे. तो मागच्या महिन्याच्या २० तारखेशीच ताडायला हवा.

लालबाग-परळच्या पतपेढ्यांत पगाराच्या कपातीचा भरणा महिन्याच्या सुरुवातीला होतो आणि ३१ मार्चला वर्षअखेर येते. व्याजाची आकारणी सगळ्या खात्यांवर एकदम चालते तेव्हा डिस्क जे करते ते वर्षभरात पुन्हा करत नाही. ती रात्र मोजायची राहिली, तर पुढच्या ३१ मार्चपर्यंत थांबावं लागतं. हिंदमाताच्या कापड दुकानांत दिवाळी आणि लग्नसराई. गिरगाव आणि लोअर परळच्या गाळ्यांतल्या छापखान्यांत गणपतीआधी मंडळांचे अहवाल आणि स्मरणिका, लगोलग दिवाळी अंक. तिथे विनंत्या थोड्या पण प्रत्येक अवजड, रंगीत पानांच्या फाइली शेकडो एमबीच्या. आणि मुसळधार पावसाने लोकल बंद पडून अर्धं ऑफिस रिकामं राहिलं, तो दिवस शांत दिवस म्हणून बेसलाइनमध्ये घेऊ नये. त्यावर खूण करून तो बाजूला काढावा.

परळचं गणित वेगळं आहे. १९२६चं केईएम, १९४१चं टाटा मेमोरियल आणि वाडिया रुग्णालयं यांच्याभोवती लॅब, स्कॅन सेंटर आणि औषधांच्या दुकानांची एक वस्तीच तयार झाली आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक सकाळी सातपासून येतात, तेव्हा इतर ऑफिसं झोपेत असतात. सीटी स्कॅनचं एक चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. एका तपासणीत अशी पाचशे चित्रं असली तर २५० एमबी, पण पाचशे वेगवेगळ्या फाइलींत. डॉक्टर जुना स्कॅन नव्याशेजारी लावून बघतात तेव्हा हजार फाइली उघडतात. अशा केंद्रात डिस्कचा वेळ हा रुग्णाचा वेळ असतो. गावाहून आलेलं, धर्मशाळेत उतरलेलं कुटुंब रिपोर्टची वाट बघत बाहेर बसलेलं असतं. डिस्कच्या मिलिसेकंदांविषयी मी इतक्या आस्थेने का लिहितो, असं कोणी विचारलं तर मी या बाकावर बसलेल्या माणसांकडे बोट दाखवेन.

बॅकअपचंही इथेच सांगतो. यूएसबी २.० च्या बाहेरच्या डिस्कवर सेकंदाला ३० एमबीच्या गतीने ४०० जीबीचा बॅकअप पावणेचार तासांच्या आत होतो. रात्री अकराला सुरू केला की पहाटे तीनच्या आत संपतो, कोणाला पत्ता लागत नाही. माहिती वाढत वाढत ९०० जीबी झाली की त्याच गतीने आठ तास वीस मिनिटं लागतात आणि बॅकअप सकाळी सात वीसपर्यंत चालतो. लॅबमध्ये नमुन्यांच्या नोंदी सातला सुरू झालेल्या असतात. ‘हल्ली सकाळी सर्व्हर अडतो’ या तक्रारीचं मूळ असं रात्रीत असतं. यात कोणतीही डिस्क बिघडलेली नाही. मागची नोंद हाताशी असती तर बॅकअपचा शेवट दर महिन्याला किती पुढे सरकतोय ते दिसलं असतं, आणि टक्कर व्हायच्या आधी वेळ बदलता आली असती.

दुखणं डिस्कवर दिसतं आणि मूळ दुसरीकडे असतं, असे प्रकार इतके आहेत की त्यांना एक अख्खं प्रकरण दिलं आहे. मेमरी कमी पडली की विंडोज आणि लिनक्स दोन्ही काही भाग डिस्कवर टाकतात आणि डिस्क गळपटल्यासारखी वाटते. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन कोणीतरी दुपारी दोनला लावून ठेवलेलं असतं. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड-५ मांडणीत एका छोट्या लेखनासाठी आतून दोन वाचनं आणि दोन लेखनं करावी लागतात, म्हणून लेखन वाढलं की भार चौपट वाढतो. रेड कार्डावरची बॅटरी स्वतःची चाचणी घेते तेव्हा काही कार्डं कॅशमध्ये लिहिणं थांबवतात आणि लेखनाचा वेळ काही तासांसाठी अचानक चढतो, मग आपोआप उतरतो. ज्याच्याकडे वर्षभराची नोंद आहे त्याला हा ठरावीक काळाने येणारा चढ ओळखता येतो. ज्याच्याकडे नाही तो घाबरून डिस्क बदलतो. माळ्यावरच्या बंद कपाटात ठेवलेली एनव्हीएमई डिस्क तापली की स्वतःहून वेग कमी करते. रविवारी एसी बंद असतो, हेही त्या नोंदीशेजारी लिहिलेलं बरं.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करतो. वेगाची नोंद ठेवली की डिस्क कधी मरणार ते कळतं, असं नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची स्मार्ट नावाने जी माहिती ठेवते तिच्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बरोझो यांनी २००७ साली आपल्या केंद्रांतल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी सर्वांत भरवशाच्या चार इशाऱ्यांपैकी एकही दिलेला नव्हता. बॅकअपला पर्याय नाही. बेसलाइन बॅकअपची जागा घेत नाही आणि बॅकअप बेसलाइनची.

साधनांबद्दल थोडक्यात. विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर आधीपासून असतो. एनटी ४.० च्या काळात डिस्कचे आकडे दिसण्यासाठी डिस्कपर्फ ही आज्ञा देऊन यंत्र पुन्हा सुरू करावं लागे, आता ती कटकट नाही. लिनक्सवर सिसस्टॅट हा संच घातला की आयओस्टॅट आणि सार ही दोन्ही साधनं मिळतात. सगळं फुकट आहे. दोन्हीकडे ‘डिस्क किती टक्के व्यग्र’ असा एक आकडा ठळकपणे दिसतो आणि नवखा माणूस तोच धरून बसतो. एकाच फिरणाऱ्या डिस्कसाठी तो अर्थपूर्ण आहे. अनेक विनंत्या एकदम हाताळणारी एसएसडी किंवा अनेक डिस्कचं रेड असेल, तर शंभर टक्के दिसूनही भरपूर ताकद शिल्लक असू शकते. मी त्याला तक्त्यात जागा दिलेली नाही. तसंच सगळ्या डिस्कची मिळून बेरीज दाखवणारी ओळही टाळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. त्या दोहोंची सरासरी मुंबईतल्या कोणत्याच माणसाच्या उपयोगाची नव्हती. प्रत्येक डिस्कची नोंद वेगळी ठेवा.

मुद्दाम भार टाकून डिस्क तपासणारी एफआयओसारखी साधनंही आहेत आणि नव्या डिस्कसाठी ती उत्तम आहेत. चालू सर्व्हरच्या डिस्कवर ती चालवू नका, आणि लिखाणाची चाचणी तर कधीच नाही. चुकीचं नाव दिलं की समोरची माहिती पुसली जाते.

या नोंदींचा एक उपयोग तांत्रिक नाही आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. छोट्या संस्थेच्या आणि विक्रेत्याच्या बोलण्यात ज्ञान नेहमी एकाच बाजूला असतं. विक्रेता म्हणतो यंत्र जुनं झालं, आणि संस्थेला मान डोलावण्याखेरीज काही करता येत नाही. दोन पानांचा तक्ता टेबलावर असला की बोलणं बदलतं. कधी त्या तक्त्यावरून विक्रेत्याचंच म्हणणं खरं ठरतं, सेकंदाला ऐंशीच्या मर्यादेला डिस्क रोज टेकते आहे हे दिसतं, आणि खर्च मंजूर करताना कोणाच्या मनात किंतु राहत नाही. एएमसीची मुलं नोकऱ्या बदलतात, जाताना त्यांच्या डोक्यातलं सगळं घेऊन जातात. तक्ता संस्थेच्या फाइलीत राहिला तर नव्या मुलाला पहिल्याच दिवशी त्या यंत्राची ओळख होते. म्हणून तक्ता छापून, तारीख आणि सही करून हजेरीपुस्तकाशेजारी ठेवा. त्यावर डिस्कचं मॉडेल, बसवल्याची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि वापरणाऱ्यांची संख्या लिहा. यांपैकी काहीही बदललं की नवी नोंद घ्या आणि जुनी फेकू नका.

आता वाचकाला एक विनंती. पुढचं पान उलटण्याआधी नोंद सुरू करा, कारण दुसऱ्या प्रकरणापासून तुमचेच आकडे समोर धरून वाचायचं आहे आणि ते जमायला निदान एक पूर्ण आठवडा लागतो. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये नवा डेटा कलेक्टर सेट बनवून फिजिकल डिस्कखालचे वाचनाचा वेळ, लेखनाचा वेळ, सेकंदाची वाचनं, सेकंदाची लेखनं आणि रांगेची लांबी एवढेच पाच आकडे निवडा. अंतर पंधरा सेकंदांचं ठेवा, दिवसाच्या ५७६० नोंदी होतील आणि फाइल काही एमबींच्या पलीकडे जाणार नाही. लिनक्सवर सार एरवी दहा मिनिटांनी नोंद घेतो, तेवढं पुरत नाही. या आठवड्यापुरता आयओस्टॅट पंधरा सेकंदांवर लावून त्याचं उत्तर फाइलीत वळवा. ही फाइल, ज्या डिस्कचं मोजमाप चाललं आहे तिच्यावर ठेवू नका. दुसरी डिस्क नसेल तर शेजारच्या संगणकावर पाठवा, आणि ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवा की आठवडाभर नेहमीसारखंच काम करायचं आहे.